विषाणुजन्य आजारानंतरची चक्कर : तोल, उपचार आणि उपजीविका

विषाणुजन्य आजाराचा हिशेब सामान्यतः तापावरून मांडला जातो. ताप आला की आजार सुरू झाला आणि ताप उतरला की आजार संपला, अशी सर्वसाधारण समजूत असते. रुग्णालयाच्या नोंदी, साथरोगाची आकडेवारी आणि कार्यालयातील रजेचे अर्ज हे सर्व याच समजुतीवर आधारलेले असतात. परंतु रोगमुक्त होणे आणि पूर्ववत कार्यक्षम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधला काळ काही आठवड्यांचा, तर कधी काही महिन्यांचाही असतो. या काळात ज्या तक्रारी रुग्णाला छळतात, त्यांपैकी चक्कर व तोल जाणे ही एक महत्त्वाची, पण दुर्लक्षित तक्रार आहे.

ही तक्रार दुर्लक्षित राहण्याचे कारण उघड आहे. चक्कर बाहेरून दिसत नाही. ती तापमापकात मोजता येत नाही आणि क्ष-किरण चित्रात उमटत नाही. रुग्ण धडधाकट दिसतो. मात्र त्याला रस्ता ओलांडताना, जिना उतरताना किंवा खाली वाकून वस्तू उचलताना जमीन हलल्याचा भास होतो. घरचे लोक त्यास ‘अशक्तपणा’ म्हणतात, तर मालक त्यास कामचुकारपणा समजतो. हा प्रश्न वैद्यकीय आहे, त्याचप्रमाणे तो रोजगाराचा व सामाजिक सुरक्षिततेचाही आहे. म्हणून त्याची दोन्ही अंगे एकत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

तोल कसा सांभाळला जातो?

मनुष्याचा तोल तीन प्रकारच्या माहितीवर अवलंबून असतो. पहिली माहिती डोळ्यांकडून मिळते. दुसरी पायांचे तळवे, स्नायू व सांधे यांतील संवेदनांकडून मिळते. तिसरी माहिती अंतर्कर्णातील तोल-यंत्रणा पुरवते. या तिन्ही प्रवाहांचा मेळ मेंदू, विशेषतः मस्तिष्कस्तंभ व लहान मेंदू, क्षणोक्षणी घालत असतो.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असल्याने डोके कोणत्याही दिशेने वळले, तरी त्याची नोंद होते. त्यांच्या लगत दोन लहान पिशव्या असतात. त्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा यांचे भान या पिशव्यांमुळे राहते. ही सर्व माहिती आठव्या मस्तिष्क-मज्जातंतूच्या एका शाखेमार्फत मेंदूकडे जाते. याच मज्जातंतूची दुसरी शाखा ऐकण्याचे कार्य करते.

अंतर्कर्ण आणि डोळे यांचे नाते अत्यंत निकटचे आहे. डोके उजवीकडे वळताच डोळे तितक्याच प्रमाणात डावीकडे वळतात. त्यामुळे चालत असतानाही समोरची पाटी स्पष्ट वाचता येते. ही प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे १० मिलिसेकंदांत घडते. ती बिघडली, की डोके हलताच दृश्य थरथरू लागते. अंतर्कर्णाच्या या कार्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे व्हिएन्ना येथील वैद्य रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक विषयातील नोबेल पारितोषिक देण्यात आले. कानात थंड किंवा कोमट पाणी सोडून डोळ्यांच्या हालचाली तपासण्याची त्यांची पद्धत तोल-यंत्रणेच्या तपासणीत आजही उपयोगात आहे.

विषाणू काय बिघडवतो?

दोन्ही कानांकडून मेंदूला विश्रांतीच्या अवस्थेतही सतत संदेश जात असतात. डोके स्थिर असताना दोन्ही बाजूंचे संदेश समसमान असतात. एका बाजूच्या तोल-मज्जातंतूचा दाह झाला, तर त्या बाजूचे संदेश एकाएकी मंदावतात. समतोल बिघडल्यामुळे डोके वेगाने फिरत असल्याचा चुकीचा अर्थ मेंदू लावतो. परिणामी रुग्णास सभोवतालचे जग गरगर फिरताना दिसते, डोळे आपोआप एका दिशेने झटके घेत हलतात, उलट्या होतात आणि चालताना शरीर एका बाजूस झुकते.

या विकारास तोल-मज्जातंतूचा दाह असे म्हणता येईल. ब्रिटनमधील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. अनेक रुग्णांत त्यापूर्वी सर्दी-तापासारखा विषाणुसंसर्ग होऊन गेलेला असतो. शरीरात सुप्तावस्थेत राहिलेला नागीणवर्गीय विषाणू पुन्हा जागृत होणे हेही एक संभाव्य कारण मानले जाते. या विकारात ऐकू येणे शाबूत राहते. दाह संपूर्ण अंतर्कर्णात पसरला, तर मात्र चक्करेबरोबर बहिरेपणा व कानात आवाज येणे हीही लक्षणे दिसतात. कांजिण्यांचा विषाणू अनेक वर्षांनी जागृत होऊन कानाजवळ नागीण उठवतो, तेव्हा कानावर पुरळ, चेहऱ्याचा एका बाजूचा लुळेपणा आणि चक्कर अशी एकत्रित लक्षणे आढळतात. अशा रुग्णास विषाणुरोधक औषधांची तातडीने गरज असते.

तीव्र गरगर साधारणतः काही दिवसांत ओसरते. त्यानंतर उरते ती अस्थिरता. डोके झटकन वळवले असता, अंधारात चालताना किंवा गर्दीच्या बाजारपेठेत ती जाणवते. बहुसंख्य रुग्णांत ती काही आठवड्यांत ते सुमारे तीन महिन्यांत कमी होते. काहींमध्ये मात्र ती दीर्घकाळ रेंगाळते.

चक्कर एक, कारणे अनेक

आजारानंतरच्या प्रत्येक चक्करेचे मूळ कानातच असते असे नाही. योग्य उपचारासाठी तिचे प्रकार वेगळे करणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार वर वर्णिलेल्या मज्जातंतूच्या दाहाचा. दुसरा प्रकार स्फटिक जागेवरून सुटण्याचा. पिशवीतील स्फटिक अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंदांची, बहुधा एक मिनिटाच्या आतली, तीव्र चक्कर येते. मज्जातंतूच्या दाहानंतर काही रुग्णांत हा विकार उद्भवतो. त्यावर औषधापेक्षा डोक्याच्या ठरावीक हालचालींचा उपचार प्रभावी असतो. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. प्रशिक्षित वैद्य ती काही मिनिटांत करू शकतो.

तिसरा प्रकार उभे राहिल्यावर येणाऱ्या भोवळीचा. यात जग फिरत नाही; डोळ्यांपुढे अंधारी येते आणि डोके हलके होते. डेंग्यू किंवा अतिसारानंतर शरीरातील पाणी कमी होणे, दीर्घ काळ अंथरुणावर पडून राहणे किंवा रक्तदाबाची औषधे ही त्याची कारणे असू शकतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब किमान २० अंकांनी अथवा खालचा किमान १० अंकांनी उतरला, तर ते निदानास पुष्टी देते. काही रुग्णांत रक्तदाब न उतरता उभे राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढतात. कोविड-१९ नंतर अशा रुग्णांकडे वैद्यकशास्त्राचे विशेष लक्ष गेले.

चौथा प्रकार दीर्घकाळ टिकणाऱ्या चक्करेचा. मूळ इजा भरून आल्यावरही मेंदू सावधगिरीची सवय सोडत नाही. रुग्ण शरीर ताठ ठेवून चालतो, गर्दी टाळतो आणि प्रत्येक पावलाकडे अवाजवी लक्ष देतो. अशी अस्थिरता बहुतेक दिवशी जाणवून तीन महिने अथवा त्याहून अधिक टिकली, तर तिला ‘पीपीपीडी’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. तिचे निदान-निकष २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने प्रसिद्ध झाले. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तिला स्थान मिळाले. हा त्रास काल्पनिक नाही. तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि आवश्यकतेनुसार औषधे यांनी तो आटोक्यात येतो.

भारतात या सर्व प्रकारांत आणखी एका कारणाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयामुळेही डोके हलके होते व थकवा येतो. त्यामुळे आजारातून उठलेल्या स्त्रीची चक्कर रक्तक्षयाची, पाण्याच्या कमतरतेची की कानाची, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. सरसकट सलाईन लावून तिला घरी पाठवणे हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

धोक्याची लक्षणे

काही प्रसंगी चक्कर हे पक्षाघाताचे लक्षण असते. लहान मेंदू किंवा मस्तिष्कस्तंभाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास सुरुवातीची लक्षणे मज्जातंतूच्या दाहासारखीच भासू शकतात. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळे पडणे, गिळता न येणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, एकाएकी बहिरेपणा, शुद्ध हरपणे, अथवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींबाबत ही दक्षता अधिक आवश्यक आहे. ‘साथीचा ताप येऊन गेला, म्हणून चक्कर आली’ असे गृहीत धरून वेळ दवडणे घातक ठरू शकते.

मेंदूची भरपाई : विश्रांती की हालचाल?

मज्जातंतूला झालेली इजा नेहमीच पूर्णपणे भरून येते असे नाही. तरीही बहुतेक रुग्ण बरे होतात. याचे कारण म्हणजे मेंदूची भरपाई करण्याची क्षमता. या भरपाईचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मस्तिष्कस्तंभातील केंद्रे दोन्ही बाजूंच्या संदेशांतील तफावत आपोआप कमी करतात आणि काही दिवसांत स्थिर अवस्थेतील गरगर थांबते. दुसरा टप्पा हालचालींशी निगडित आहे. डोके हलल्यावर दृश्य किती सरकले, पाऊल किती चुकले, या चुकांची माहिती मेंदूला मिळाली, तरच तो आपला हिशेब दुरुस्त करतो. चूक घडलीच नाही, तर शिकणेही होत नाही.

यातून उपचाराचे एक महत्त्वाचे तत्त्व निघते. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती व उलटी थांबवणारी औषधे योग्य असतात. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहणे प्रकृतीच्या विरोधात जाते. चक्कर दाबणारी औषधे मेंदूला मिळणारी चुकीची सूचनाच बोथट करतात आणि त्यामुळे भरपाई लांबते. शिवाय प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारखी औषधे ज्येष्ठांनी दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवण्याचा धोका असतो. वैद्याच्या सल्ल्याशिवाय तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने गोळ्या घेत राहणे म्हणूनच हानिकारक आहे.

हालचालीद्वारे उपचाराची ही कल्पना नवीन नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमधील कर्णतज्ज्ञ टेरेन्स कॉथॉर्न आणि वैद्य एफ. एस. कुक्सी यांनी अंतर्कर्णाला इजा झालेल्या रुग्णांसाठी क्रमाक्रमाने कठीण होत जाणारे व्यायाम आखले. प्रथम अंथरुणात डोळ्यांच्या व डोक्याच्या हालचाली, नंतर बसून वाकणे, त्यानंतर उभे राहणे आणि अखेरीस चालत असताना चेंडू झेलणे असा त्यांचा क्रम होता. या प्रकारच्या तोल-पुनर्वसनाचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतला. ३९ चाचण्यांच्या या आढाव्यात एका बाजूच्या अंतर्कर्ण-विकारावर ही पद्धत सुरक्षित व परिणामकारक असल्याचे आढळले.

व्यायामांचे स्वरूप साधे आहे. हाताच्या अंतरावर एक अक्षर धरावे, त्यावर नजर स्थिर ठेवावी आणि डोके डावी-उजवीकडे, नंतर वर-खाली हलवावे. अक्षर अस्पष्ट होणार नाही इतका वेग ठेवावा आणि तो हळूहळू वाढवावा. दोन्ही पाय जुळवून, नंतर एकामागे एक ठेवून उभे राहण्याचा सराव भिंतीजवळ करावा. चालताना डोके दोन्ही बाजूंना वळवावे. अमेरिकेतील भौतिकोपचार क्षेत्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम सुरुवातीच्या अवस्थेत दिवसातून किमान तीन वेळा मिळून १२ मिनिटे आणि जुनाट त्रासात दररोज किमान २० मिनिटे करणे अपेक्षित आहे. व्यायाम करताना थोडी चक्कर येणे स्वाभाविक असते आणि ती काही वेळात शमते. कानाचे निदान निश्चित झाल्यावर तज्ज्ञांनी आखून दिल्याप्रमाणे हे व्यायाम करावेत. मानेचा विकार असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. कोविडनंतर ज्यांना श्रमामुळे थकवा एकदम वाढतो, त्यांनी व्यायामाची मात्रा अधिक सावकाश वाढवणे इष्ट.

भरपाईच्या काळात घरातील व्यवस्थाही महत्त्वाची असते. रात्री मंद दिवा ठेवावा, न्हाणीघरातील फरशी कोरडी ठेवावी, घसरणारी पायपुसणी काढून टाकावीत आणि अंथरुणातून उठताना आधी काही क्षण बसावे. चक्कर थांबेपर्यंत वाहन चालवणे, शिडीवर चढणे, विहिरीच्या काठावर उभे राहणे व पोहणे टाळावे. पुरेसे पाणी, वेळेवर आहार आणि पुरेशी झोप यांचाही तोलावर परिणाम होतो.

आर्थिक परिणामांचे स्वरूप

आरोग्य हे एक प्रकारचे भांडवल आहे, असा विचार अमेरिकी अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये मांडला. या भांडवलापासून व्यक्तीला ‘निरोगी दिवस’ प्राप्त होतात आणि त्या दिवसांचा उपयोग ती उत्पन्न मिळवण्यासाठी करते. आजारानंतरची चक्कर हे निरोगी दिवस हिरावून घेते, मात्र मृत्यूच्या किंवा रुग्णालयातील दाखल्यांच्या आकडेवारीत ती दिसत नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने ‘अपंगत्व-समायोजित आयुर्वर्षे’ ही मोजपट्टी धोरणकर्त्यांपुढे आणली, ती अशाच उणिवेमुळे. या मोजपट्टीत अकाली मृत्यूने गमावलेल्या वर्षांबरोबर आजारासह जगलेल्या वर्षांचाही समावेश होतो.

या त्रासाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कार्यालयात बसून काम करणारा कर्मचारी अर्जित रजा घेऊ शकतो. दार्जिलिंगच्या उतारावर कपाळपट्ट्याने टोपली वाहणारी चहामळ्यातील कामगार स्त्री, केरळात नारळाच्या झाडावर चढणारा कामगार, परातीवर बांबूच्या आधाराने उभा असलेला बांधकाम मजूर किंवा महानगरातील रिक्षाचालक यांच्यासाठी तोल हेच कामाचे प्रमुख साधन असते. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील असंघटित क्षेत्रविषयक राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून देशातील सुमारे ९२ टक्के श्रमिक अनौपचारिक स्वरूपाच्या रोजगारात असल्याचे दाखवून दिले होते. अशा रोजगारात काम नाही, तर मजुरी नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दररोज ५०० रुपये मिळवणाऱ्या मजुराचे ३० दिवसांचे काम बुडाले, तर त्याचे १५,००० रुपयांचे उत्पन्न जाते. गोळ्यांचा खर्च त्या तुलनेत किरकोळ असतो. म्हणजेच या आजाराचा खरा खर्च औषधांचा नसून बुडालेल्या मजुरीचा, अर्थात संधी खर्चाचा आहे. हा खर्च टाळण्यासाठी मजूर लवकर कामावर परततो. तेव्हा पडण्याचा धोका वाढतो आणि किरकोळ आजाराचे रूपांतर अस्थिभंगात होऊ शकते. रुग्णाने व्यायामासाठी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जायचे ठरवले, तर प्रत्येक भेटीसाठी अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे गोळी घेऊन कामावर जाणे त्याला त्या क्षणी अधिक शहाणपणाचे वाटते. तो अज्ञानी असतो म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढील पर्यायच तसे असतात.

विद्यमान व्यवस्था : व्याप्ती आणि मर्यादा

सामाजिक सुरक्षेच्या क्षेत्रात कर्मचारी राज्य विमा योजना ही एक जुनी व्यवस्था आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चा भाग आहे. तिच्या आजारपण लाभानुसार विमाधारकास मजुरीच्या ७० टक्के दराने वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस रोख साहाय्य मिळू शकते. त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचे अंशदान आवश्यक असते. निश्चित यादीतील ३४ दीर्घकालीन आजारांसाठी ८० टक्के दराने विस्तारित लाभ दिला जातो. चक्करेसारख्या तक्रारीसाठी पहिला लाभ पुरेसा ठरू शकतो. पण तो योजनेत समाविष्ट आस्थापनांतील कर्मचाऱ्यांपुरता सीमित आहे.

आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता तिच्या कक्षेत आणण्यात आले. मात्र ही योजना रुग्णालयातील भरतीसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च तीत समाविष्ट होतो. बाह्यरुग्ण उपचार होत नाहीत. तोल-पुनर्वसन हे मुळातच बाह्यरुग्ण स्वरूपाचे असून त्यास काही आठवडे लागतात. परिणामी एक विसंगती निर्माण होते. तोल जाऊन पडलेल्या ज्येष्ठाच्या खुब्याच्या हाडावरील शस्त्रक्रियेचा खर्च विमा उचलतो, परंतु ते पडणे टाळू शकणाऱ्या व्यायामांचा खर्च कुटुंबास करावा लागतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत घटले. ही घट लक्षणीय आहे. तथापि, बुडालेली मजुरी या लेख्यांत मोजली जात नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ केली. त्यांत श्रवणदोष आहे, दीर्घकालीन मज्जासंस्था-विकारही आहेत. अंतर्कर्णजन्य तोलदोषाचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. याउलट वाहन परवान्याच्या प्रक्रियेत चक्करेची दखल घेतलेली दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ या स्वयंघोषणेत अर्जदारास अचानक भोवळ येते काय, असे विचारले जाते. म्हणजे चक्कर येणारी व्यक्ती वाहन चालवण्यास अयोग्य ठरू शकते. पण त्यामुळे उपजीविका गमावलेल्या चालकासाठी तेवढीच स्पष्ट आधार-व्यवस्था नाही. अशा स्थितीत त्रास लपवण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे आणि ते रस्त्यावरील सर्वांच्याच दृष्टीने धोक्याचे आहे.

पुढील दिशा

या प्रश्नावर उपाय योजण्यासाठी महागड्या यंत्रसामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजेच पूर्वीच्या आरोग्य व निरामयता केंद्रांच्या, १२ प्रकारच्या सेवांमध्ये कान-नाक-घशाच्या सर्वसाधारण तक्रारी आणि ज्येष्ठांची काळजी यांचा समावेश आहे. तेथील सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यास तीन गोष्टींचे प्रशिक्षण देता येईल : धोक्याची लक्षणे ओळखणे, झोपलेल्या व उभ्या अवस्थेतील रक्तदाब मोजून भोवळीचा प्रकार ठरवणे आणि तज्ज्ञाने सांगितलेले व्यायाम करवून घेणे. २०२० पासून घरबसल्या वैद्यकीय सल्ल्यासाठी खुल्या झालेल्या ई-संजीवनी सेवेद्वारे तज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळवून रुग्णाच्या शहरवाऱ्या कमी करता येतील.

मनुष्यबळाच्या दृष्टीने मैसूरू येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांसारख्या संस्थांतून श्रवणतज्ज्ञ तयार होत आहेत. भौतिकोपचारासह अनेक संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. श्रवणतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि प्राथमिक केंद्र यांची सांगड घालणे हे पुढचे पाऊल ठरू शकते.

कामाच्या ठिकाणी काही काळापुरते हलके काम देणे हा आणखी एक कमी खर्चाचा उपाय आहे. उंचीवरील मजुरास काही आठवडे जमिनीवरचे काम दिले, तर त्याची मजुरी टिकते, अपघात टळतो आणि नियमित हालचालीमुळे मेंदूच्या भरपाईलाही साहाय्य होते. येथे कामगाराचे हित व मालकाचे हित परस्परविरोधी नाही.

कोविड-१९ च्या साथीने ‘आजारानंतरचा आजार’ हा विषय चर्चेत आणला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडोत्तर स्थितीची व्याख्या निश्चित केली. संसर्गानंतर सामान्यतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे तीत येतात. चक्कर हे त्यांपैकी एक आहे. ही दृष्टी केवळ एका विषाणूपुरती मर्यादित राहू नये. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे यश किती रुग्ण घरी गेले यावरून मोजले जाते. त्याच्या जोडीला किती रुग्ण पूर्वीच्या कामावर सुखरूप परतले, हाही निकष असला पाहिजे. चक्करेच्या बाबतीत हे अंतर कमी करण्याचे साधन उपलब्ध आहे, ते स्वस्त आहे आणि त्याची परिणामकारकता सिद्ध झालेली आहे. ते साधन रुग्णाच्या गावापर्यंत आणि त्याच्या मजुरीच्या हिशेबापर्यंत पोहोचवणे हेच खरे आव्हान आहे.